दोन्ही समास सरळ, तेही स्पेसबार न बडवता

तीन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या वाचनालयाची स्मरणिका माझ्या गळ्यात पडली. "तुम्हाला कॉम्प्युटर येतो ना, मग एवढं टाइप करून द्या," एवढंच बोलणं झालं होतं. पानं ९६ आणि लेख चाळीसेक. त्यातले निम्मे व्हॉट्सॲपवर आलेले, काही हाताने लिहिलेले, तीन जुन्या फॉन्टमधले. मजकूर छापील पुस्तकासारखा दिसावा अशी माझी हौस होती. डावीकडे जशी सरळ कड असते, तशीच उजवीकडेही हवी. हे काम एका बटणाचं आहे हे मला ठाऊक नव्हतं. मी प्रत्येक ओळीत शब्दांच्या मधे एक-एक स्पेस वाढवत उजवी कड सरळ करत गेलो. अकरा रात्री गेल्या.

छापखान्यातल्या डीटीपीच्या मुलाने फाइल उघडली आणि ए-फोरचं पान डेमी, म्हणजे पुस्तकाच्या लहान आकाराचं केलं. क्षणात सगळ्या ओळी कोसळल्या. कुठे चार शब्दांवर ओळ संपली, कुठे ओळीच्या मधोमध बोटभर खड्डा. तो थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "काका, हे स्पेसबारने जस्टिफाय केलंय?"

"हो."

"सगळं?"

त्याने आधी चहा मागवला, मग खुर्ची जवळ ओढली. पुढे जे लिहिलंय त्यातलं निम्मं त्याने शिकवलेलं आहे, उरलेलं चुका करून कळलेलं. स्मरणिका, प्रबंध, अहवाल किंवा आजोबांच्या आठवणी, असं काही पहिल्यांदाच टाइप करून छापणार असाल, तर या क्रमाने जा.

शब्दांचा घोळ आधी मिटवू. पानाच्या कडेला सोडलेली कोरी जागा म्हणजे समास. दासबोधातला समास वेगळा आणि व्याकरणातला त्याहून वेगळा. व्याकरणातला मात्र पुढे एकदा आडवा येणार आहे. मजकूर दोन्ही समासांना भिडवून बसवणं याला छापखान्यात सगळे 'जस्टिफाय करणं' म्हणतात. मीही तेच म्हणेन.

हाताशी काय हवं

- वर्ड, लिबरऑफिस रायटर किंवा गूगल डॉक्स. लिबरऑफिस फुकट आहे आणि या कामाला पुरेसं आहे.
- मूळ मजकुराची एक वेगळी प्रत, जिला हात लावायचा नाही.
- एक चांगला युनिकोड फॉन्ट, म्हणजे ज्यातलं मराठी फॉन्ट बदलला तरी मराठीच राहतं असा. विंडोजमध्ये मंगल, कोकिळा, निर्मला असतात. फुकट मिळणाऱ्यांत तिरो देवनागरी मराठी, मुक्ता, शोभिका, नोटो सेरिफ देवनागरी हे चांगले आहेत.
- छापखान्याने दिलेला पानाचा आकार आणि चारही समास. तोंडी नको, मेसेजवर घ्या.
- प्रिंटर, नाहीतर कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला.

१. पानाचा आकार आधी ठरवा

माझी पहिली चूक हीच. वर्ड उघडलं की समोर जे पान येतं ते बहुधा ए-फोर असतं, २१० बाय २९७ मिलिमीटरचं. पुस्तक किंवा स्मरणिका त्याहून लहान निघते. पान बदललं की ओळ बदलते, आणि ओळ बदलली की त्या ओळीसाठी केलेली प्रत्येक डागडुजी वाया जाते. म्हणून 'लेआउट' टॅबमधून 'साइज' आणि 'मार्जिन्स' पहिल्याच दिवशी लावून टाका. लिबरऑफिसमध्ये हेच 'फॉरमॅट'खाली 'पेज स्टाइल'मध्ये मिळतं.

पाठपोट छापून बांधणी होणार असेल तर बांधणीकडचा समास जास्त ठेवावा लागतो. त्यासाठी 'मिरर्ड' समास निवडा.

२. जुन्या फॉन्टमधला मजकूर आधी युनिकोड करा

श्रीलिपी, कृतिदेव, आकृती यांच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला लेख आला तर तो तसाच चिकटवू नका. या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी बसवलेली असतात. तुम्हाला 'वाचनालय' दिसतं, पण वर्डला तिथे इंग्रजी अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा गोंधळ दिसतो. एखादा काना किंवा अर्धं अक्षर हायफनच्या जागी बसवलेलं असेल, तर वर्ड बिनदिक्कत तिथे ओळ तोडतो आणि शब्दाचे दोन तुकडे होतात. जस्टिफाय केल्यावर हे जास्तच दिसतं.

ओळखायची खूण सोपी आहे. मजकूर निवडा आणि निर्मला फॉन्ट लावा. वाचता आला तर युनिकोड. रोमन चिन्हांचा कचरा दिसला तर जुना फॉन्ट. असा मजकूर फॉन्ट परिवर्तकातून बदलून घ्या आणि मग एकदा डोळ्यांखालून घाला. रफार, ऱ्ह-ऱ्य आणि जोडाक्षरं यांत परिवर्तक हमखास चुकतो. आमच्या स्मरणिकेत 'सुऱ्या' वेगळ्याच काहीतरी झाल्या होत्या.

३. न दिसणारी चिन्हं दिसती करा

वर्डमध्ये 'होम' टॅबवर उलट्या 'पी'सारखं एक चिन्ह असतं. ते दाबा. कंट्रोल, शिफ्ट आणि ८ एकत्र दाबूनही तेच होतं. लिबरऑफिसमध्ये कंट्रोल आणि एफ-१०. आता पानावर ठिपके, बाण आणि उलटे 'पी' दिसू लागतील. प्रत्येक ठिपका म्हणजे एक स्पेस, उलटा 'पी' म्हणजे एंटर, वळलेला बाण म्हणजे शिफ्ट-एंटर, सरळ बाण म्हणजे टॅब.

माझ्या फाइलचं पहिलं पान असं उघडं पडलं तेव्हा मोहरी सांडल्यासारखं दिसलं होतं.

यापुढचं सगळं काम ही चिन्हं दिसत असतानाच करा. सवय व्हायला अर्धा तास लागतो. ती बंद ठेवून जस्टिफाय करणं म्हणजे दिवे घालवून केर काढणं.

४. साफसफाई

खरं काम इथे आहे. वेळेचा मोठा वाटा याच पायरीला द्या.

जादा स्पेस. कंट्रोल-एच दाबून शोधा-बदला उघडा. वरच्या चौकटीत दोन स्पेस, खालच्या चौकटीत एक. 'रिप्लेस ऑल' दाबत राहा, शून्य बदल येईपर्यंत. माझ्या फाइलला सहा वेळा दाबावं लागलं.

विरामचिन्हाआधीची स्पेस. आपल्याकडे 'काय म्हणता ?' आणि 'वा !' असं चिन्हाआधी जागा सोडून लिहायची खोड फार. एरवी चालून जातं, पण जस्टिफाय केलेल्या ओळीत ती स्पेसही ताणली जाते. प्रश्नचिन्ह शब्दापासून लांब जाऊन उभं राहतं, किंवा एकटंच पुढच्या ओळीच्या सुरुवातीला येऊन बसतं. स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह, प्रत्येकासाठी वेगळं शोधा-बदला करा. शोधा स्पेस आणि चिन्ह, बदला नुसतं चिन्ह.

तुटलेले प्रत्यय. 'करण्या साठी', 'गावा मध्ये', 'सरां कडून'. फोनवर बोलून टाइप केलेल्या मजकुरात हे ढिगाने मिळतात. शुद्धलेखन तर बिघडतंच, शिवाय 'करण्या' एका ओळीत आणि 'साठी' दुसऱ्या ओळीत जातं. 'साठी', 'मध्ये', 'कडून', 'पर्यंत', 'बद्दल' यांच्या आधी स्पेस घालून शोधत जा. इथे मात्र 'रिप्लेस ऑल' नको, एकेक बघून बदला. 'मध्ये' हा कधी कधी सुटा शब्दही असतो.

परिच्छेदाच्या सुरुवातीच्या स्पेस. पहिली ओळ आत घ्यायला पाच स्पेस मारल्या असतील, तर जस्टिफाय केल्यावर त्याही ताणल्या जातात आणि प्रत्येक परिच्छेद वेगळ्या अंतरावरून सुरू होतो. त्या काढा. पहिली ओळ आत हवी असेल तर 'पॅराग्राफ'च्या चौकटीत 'फर्स्ट लाइन' निवडून माप द्या. पाच मिलिमीटर पुरतात.

प्रत्येक ओळीनंतरचे एंटर. हा सगळ्यात त्रासदायक प्रकार. पीडीएफमधून किंवा ईमेलमधून उचललेल्या मजकुरात दर ओळीच्या शेवटी एंटर असतो. वर्डच्या लेखी प्रत्येक ओळ हा स्वतंत्र परिच्छेद होतो, आणि परिच्छेदाची शेवटची ओळ जस्टिफाय होत नाही. म्हणून तुम्ही बटण दाबता आणि काहीच घडत नाही! "माझ्या वर्डमध्ये जस्टिफाय चालत नाही" असं म्हणणाऱ्यांची फाइल मी उघडतो, तेव्हा बहुतेक वेळा हेच निघतं.

वर्डमधला उपाय तीन हातांचा आहे. शोधा-बदलाच्या चौकटीत 'मोअर' आणि मग 'स्पेशल' दाबलं की 'पॅराग्राफ मार्क' हे चिन्ह शोधात घालता येतं.

पहिला हात: दोन लागोपाठ पॅराग्राफ मार्क शोधा, त्यांच्या जागी ### घाला. खरे परिच्छेद जिथे संपतात तिथे बहुधा एक ओळ कोरी असते, ती जागा अशी राखून ठेवायची.

दुसरा हात: उरलेले एकेकटे पॅराग्राफ मार्क शोधा, जागी एक स्पेस.

तिसरा हात: ### शोधा, जागी एक पॅराग्राफ मार्क.

हे एका लेखापुरतं मजकूर निवडून करा. सबंध फाइलवर केलंत तर शीर्षकं आणि कविताही एकाच परिच्छेदात कोंबल्या जातील. आमच्या स्मरणिकेतली एक कविता अशीच सलग गद्य झाली होती आणि तीन दिवस कुणाच्या लक्षातही आलं नाही. कवीचा मान राखून जास्त बोलत नाही.

लिबरऑफिसमध्ये 'टूल्स', 'ऑटोकरेक्ट ऑप्शन्स'मध्ये एकोळी परिच्छेद जोडायची सोय आहे. ती चालू करून 'टूल्स', 'ऑटोकरेक्ट', 'अप्लाय' करायचं. मात्र मूळच्या डीफॉल्ट स्टाइलमध्ये असलेल्या मजकुरावरच ती चालते.

५. आता बटण दाबा

वर्ड आणि लिबरऑफिसमध्ये कंट्रोल-जे. गूगल डॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-जे. मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड. माऊसने करायचं तर वर आडव्या रेघांची चार छोटी चित्रं असतात, त्यातलं शेवटचं, ज्यात सगळ्या रेघा सारख्या लांबीच्या आहेत ते. झालं.

इथे एक सापळा आहे. डॉक्सच्या सवयीने वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-जे दाबलंत तर वेगळंच होतं. ते 'डिस्ट्रिब्यूट' आहे. ते शेवटची ओळसुद्धा ओढून दोन्ही कडांना नेतं, मग तिच्यात दोनच शब्द का असेनात, आणि अक्षरांमध्येही अंतर घालतं. देवनागरीत अक्षरं फाकली की शिरोरेषा तुटते. असं दिसलं तर घाबरू नका, शिफ्ट सोडून नुसतं कंट्रोल-जे दाबा.

६. हाताने नको, स्टाइलमधून करा

कंट्रोल-ए दाबून सगळं निवडायचं आणि कंट्रोल-जे, हा मोह होतो. पण मग शीर्षकं, तक्ते, कविता, पत्ते सगळंच जस्टिफाय होतं आणि ते एकेक करून सोडवत बसावं लागतं.

त्यापेक्षा लेखाच्या मजकुराला एक स्टाइल ठेवा. वर्डमध्ये 'बॉडी टेक्स्ट' असते, लिबरऑफिसमध्येही तीच असते आणि एफ-११ दाबलं की स्टाइलची यादी उघडते. त्या स्टाइलवर उजवं क्लिक करून 'मॉडिफाय' निवडा आणि तिथे अलाइनमेंट 'जस्टिफाय' करा. वर्डची 'नॉर्मल' स्टाइल मात्र जस्टिफाय करू नका. शीर्षकांच्या स्टाइल तिच्यावरच बेतलेल्या असतात, त्यांनाही लागण होते.

फायदा कधी कळतो? अध्यक्ष आदल्या दिवशी फोन करून "अक्षर जरा मोठं करा, ज्येष्ठांना वाचता आलं पाहिजे" म्हणतात तेव्हा. एका जागी बदल, ९६ पानं तयार.

फॉन्ट लावताना एक ध्यानात असू द्या. वर्ड आणि लिबरऑफिस देवनागरीचा फॉन्ट आणि आकार रोमनपेक्षा वेगळा धरतात. वर्डमध्ये त्याला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' म्हणतात, लिबरऑफिसमध्ये 'सीटीएल'. आकार वाढवूनही मराठी हलत नसेल तर स्टाइलमध्ये त्या दुसऱ्या चौकटीत बघा.

७. खड्डे का पडतात

बटण दाबलं, कडा सरळ झाल्या, आणि मग दिसतं की काही ओळींत शब्द एकमेकांपासून रुसून बसलेत. याचं गणित एकदा समजून घेतलं की अर्धे उपाय तुमचे तुम्हालाच सुचतील.

वर्ड प्रोसेसर ओळीत मावतील तेवढे शब्द भरतो. पुढचा शब्द मावत नाही तिथे थांबतो. उजवीकडे उरलेली जागा शब्दांमधल्या फटींना सारखी वाटून देतो. बस्स, एवढंच.

ए-फोर पान घ्या, दोन्हीकडे २५ मिलिमीटर समास. ओळ १६० मिलिमीटरची. तिच्यात दहा शब्द बसले आणि १२ मिलिमीटर उरले, तर नऊ फटींच्या वाट्याला दीडहून कमीच मिलिमीटर येतात. डोळ्याला कळतही नाही. त्याच पानाचे तीन स्तंभ करा, मधे दहा-दहा मिलिमीटर सोडून. आता स्तंभ जेमतेम ४७ मिलिमीटरचा. शब्द बसले तीन आणि उरले तेच १२ मिलिमीटर. फटी दोनच, म्हणजे प्रत्येकीला मूळच्या जागेवर आणखी सहा मिलिमीटर. जवळजवळ पेन्सिल मावेल.

हा त्रास मराठीला हिंदीपेक्षा जास्त होतो. हिंदीत 'विद्यालय के लिए' लिहिलं की तीन शब्द आणि दोन फटी मिळतात, जागा वाटायला माणसं मिळाल्यासारखं. आपण 'विद्यालयासाठी' असा एकच लांबलचक शब्द लिहितो. त्यावर 'सुद्धा' चिकटतं, 'च' चिकटतो. 'मुख्याध्यापकांनीसुद्धा' हा शब्द ओळीच्या शेवटी अर्ध्या केसाने बसला नाही की सबंध खाली जातो आणि मागे मोठी पोकळी ठेवतो.

त्यात व्याकरणातला समास भर घालतो. 'शतकमहोत्सवसमितीअध्यक्ष' असा शब्द आमच्या प्रास्ताविकात होता. 'शतकमहोत्सव समितीचे अध्यक्ष' केलं आणि ओळ लगेच मोकळी झाली. व्याकरणातला समास सोडवला की कागदावरचा सुटतो, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगत असतो.

उपाय मी या क्रमाने करतो. आधी स्तंभ रुंद करायचा, तीनाचे दोन किंवा दोनाचा एक. ते जमत नसेल तर अक्षर अर्धा पॉइंट लहान. मग पुढच्या पायरीतला शब्द तोडायचा उपाय. मजकूर स्वतःचा असेल तर एखादा शब्द बदलायचा. आणि ओळीत सरासरी पाच शब्दही बसत नसतील तर जस्टिफायचा नाद सोडून मजकूर डावीकडेच ठेवायचा. हा पाचाचा आकडा माझा आहे, कुठल्या पुस्तकातला नाही.

एक उपाय मात्र करू नका. अक्षरांमधलं अंतर वाढवून ओळ भरायचा. इंग्रजीत ते कसंबसं खपतं, आपली शिरोरेषा तुटते.

छापखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच मजकूर जास्त चांगला का बसतो, असा प्रश्न मला पडला होता. वर्ड एकेक ओळ भरत पुढे जातो, मागे वळून बघत नाही. टेक नावाच्या पानं जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सबंध परिच्छेद एकदम विचारात घेऊन ओळी कुठे तोडायच्या ते ठरतं. डोनाल्ड नुथ आणि मायकल प्लास यांनी ही पद्धत १९८१ साली मांडली. त्यामुळे तिथे एका ओळीची अडचण चार ओळींत विरून जाते. आपण वर्डवाले, आपल्याला हाताने विरवावी लागते.

८. शब्द तोडणं आणि शब्द बांधणं

इंग्रजी मजकुराला वर्डचं 'लेआउट', 'हायफनेशन', 'ऑटोमॅटिक' चालू केलं की लांब शब्द आपोआप तुटतात आणि फटी कमी होतात. माझ्या वर्डमध्ये मराठी शब्दांवर त्याचा काहीच परिणाम झाला नाही. लेटेक, म्हणजे मघाच्या टेकवरच बेतलेलं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यांना मराठीचे तोडणीचे नमुने तयार मिळतात, पण स्मरणिकेसाठी लेटेक शिका असं मी कुणाला सांगणार नाही.

हाताने करायचं तर साधा हायफन नको, ऐच्छिक हायफन वापरा. शब्दाच्या मधे कर्सर ठेवून कंट्रोल आणि हायफन एकत्र दाबा, वर्ड आणि लिबरऑफिस दोन्हीकडे. हा हायफन ओळीच्या शेवटी आला तरच छापला जातो, एरवी गुप्त राहतो. साधा हायफन घातलात आणि नंतर मजकूर सरकला, तर ओळीच्या ऐन मधे 'मुख्या-ध्यापक' असं उभं राहतं. वर्तमानपत्रांच्या मजकुरात असे अनाथ हायफन तुम्ही पाहिले असतीलच.

कुठे तोडायचं? प्रत्ययाच्या किंवा जोडशब्दाच्या सांध्यावर. 'मुख्याध्यापकां-साठी' चालेल, 'महा-राष्ट्रातील' चालेल. जोडाक्षराच्या पोटात कधीच नाही. 'महाराष्-' वर ओळ संपली तर वाचणारा अडखळतो. एकच अक्षर मागे किंवा पुढे सोडू नका. आणि हे काम सगळ्यात शेवटी, मजकुरात आणखी काही बदलणार नाही याची खात्री झाल्यावर.

याच्या उलटही करावं लागतं, म्हणजे दोन शब्द एकत्र बांधून ठेवायचे. 'डॉ.' ओळीच्या शेवटी आणि आडनाव पुढच्या ओळीत, 'रु.' इकडे आणि '५००' तिकडे, 'ता.' वर आणि 'हवेली' खाली, हे फार वाईट दिसतं. अशा ठिकाणी साध्या स्पेसऐवजी कंट्रोल-शिफ्ट-स्पेस दाबा. ही न तुटणारी स्पेस. 'इ. स. १८४१' मध्ये ती दोनदा लागेल. '२०२४-२५' सारख्या आकड्यांसाठी वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-हायफन, न तुटणारा हायफन.

९. ओळ उगाच ताणली गेली तर

परिच्छेदाच्या मधेच एखादी ओळ तीन शब्दांची आणि ती या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढलेली? तिच्या शेवटी वळलेला बाण असणार. कुणीतरी शिफ्ट-एंटर दाबलाय. शिफ्ट-एंटरने ओळ तुटते पण परिच्छेद संपत नाही, म्हणून वर्ड तिला मधली ओळ समजून ताणतो. तो काढून साधा एंटर द्या.

शिफ्ट-एंटर हवाच असेल तर त्याच्या आधी एकदा टॅब दाबा, ताण जातो. सबंध फाइलसाठी करायचं तर वर्डच्या 'ऑप्शन्स', 'ॲडव्हान्स्ड'मध्ये अगदी तळाला 'लेआउट ऑप्शन्स' आहेत. त्यात शिफ्ट-रिटर्नवर संपणाऱ्या ओळी ताणू नका, अशा अर्थाचा एक पर्याय आहे, त्यावर टिक करा. लिबरऑफिसमध्ये 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'रायटर', 'कंपॅटिबिलिटी'खाली याच्या उलट शब्दांत पर्याय आहे, तिथली टिक काढा.

आणि ओळी आडव्या न ताणता उभ्या ताणल्या गेल्या असतील, म्हणजे अर्धं भरलेलं पान खालपर्यंत पसरलं असेल, तर 'पेज सेटअप'मध्ये 'व्हर्टिकल अलाइनमेंट' चुकून जस्टिफाय झालंय. ते 'टॉप' करा.

१०. कुठे जस्टिफाय करायचं नाही

कविता, अभंग, ओव्या, पत्ते, तक्त्यांमधले अरुंद रकाने, फोटोखालच्या ओळी, शीर्षकं, देणगीदारांची यादी. संकेतस्थळांचे पत्ते असलेली संदर्भसूचीसुद्धा, कारण तो पत्ता म्हणजे एक न तुटणारा लांब शब्द असतो आणि त्याच्या वरच्या ओळीत खिंडार पडतं.

स्क्रीनवर वाचायचा मजकूर असेल तर मी आता डावीकडेच ठेवतो. फोनचा पडदा म्हणजे अरुंद स्तंभच. शिवाय शब्दांमधली कमीजास्त अंतरं वाचनात अडचण असलेल्यांना जड जातात, म्हणूनच वेबवरच्या सुगम्यतेच्या निकषांत सगळ्यात वरच्या पातळीला मजकूर जस्टिफाय नसावा असं सांगितलेलं आहे.

विद्यापीठाचा प्रबंध असेल तर आपली आवड बाजूला ठेवा आणि त्यांची नियमावली काढून बघा.

११. पीडीएफ करा आणि कागदावर बघा

वर्डची फाइल तशीच छापखान्याला पाठवू नका. त्यांच्या मशीनवर तुमचा फॉन्ट नसेल तर दुसरा लागतो, अक्षरांची रुंदी बदलते आणि सगळ्या ओळी नव्याने तुटतात. 'सेव्ह ॲज'मधून पीडीएफ करा, त्यात फॉन्ट सोबत जातो. वर्डची फाइलच मागितली तर 'ऑप्शन्स', 'सेव्ह'मध्ये फॉन्ट फाइलमध्ये बसवायचा पर्याय आहे, तो चालू करून सोबत पीडीएफही द्या, म्हणजे मूळ कसं होतं ते त्यांना दिसेल.

मग दोन-चार पानं छापून घ्या. शंभर टक्के आकारात छापा, 'फिट टू पेज' नको. ती उलटी धरा, डोकं खाली पाय वर. शब्द वाचता येत नाहीत तेव्हा नुसते काळे-पांढरे आकार दिसतात. लागोपाठच्या ओळींतल्या फटी एकाखाली एक आल्या असतील तर पानातून पांढरा ओहोळ वाहताना दिसेल. पेन्सिलने गोल करा आणि त्या परिच्छेदात एक-दोन ऐच्छिक हायफन किंवा एखादा शब्दबदल करून बघा.

आमच्या स्मरणिकेत ४१ व्या पानावर असा एक ओहोळ काही केल्या जाईना. 'त्याचप्रमाणे' हा शब्द अडत होता. त्याच्या जागी 'तसंच' घातलं की सगळं सुरळीत बसायचं. पण लेख निवृत्त गुरुजींचा, परस्पर शब्द बदलणं बरं नव्हे, म्हणून फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, समास म्हणजे कोणता ते दोनदा विचारलं आणि म्हणाले, "बदला, माझी हरकत नाही. पण 'तसेच' लिहा. 'तसंच' नको."

'तसेच' लिहिलं. तेही तेवढ्याच जागेत बसलं.